गोळी बदला, सोडू नका

(१९८० साली दहावी झालेल्या आपल्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, जानेवारी २०२५ मध्ये केलेलं भाषण. बोलताना घाईत राहून गेलेले दोन-तीन मुद्दे लिहून देताना घातले आहेत.)



‘आता आपल्या डॉक्टरीणबाई आरोग्यावर चार शब्द बोलतील’ अशी माझी ओळख करून दिली गेली. चार शब्दांत माझं भागणार नाही. पण समोर शाळेच्या स्वयंपाकघरातून वांग्याच्या भाजीचा वास येतोय, तेव्हा जेवणाच्या घंटेच्या आत नक्की संपवते.

विषय मी निवडलेला नाही, तुम्हीच दिलाय. ऑगस्टमध्ये आपल्यातले चोवीस जण जोडीनं केनियाला निघालेत, मसाई मारा बघायला. गेल्या पंधरा दिवसांत आपल्या ग्रुपवर त्यावरून जे काही चाललंय, ते मी गप्प बसून वाचत होते. एकानं टाकलं, ‘मलेरियाच्या गोळ्यांनी माणसाला वेड लागतं, कुणीही घेऊ नका.’ दुसऱ्यानं लिहिलं, ‘आपण कृष्णाकाठची माणसं, डासांच्या पंगतीत वाढलोय, आपल्याला काय होतंय?’ तिसरी म्हणाली, ‘यलो फिव्हरची लस घेतोयच की, त्यात सगळं आलं.’ चौथा म्हणाला, ‘तिथं जाऊन बघू, झालाच तर औषध घेऊ.’ आणि मग सगळ्यांनी मिळून मला विचारलं, ‘घ्यायची का नाही, एका शब्दात सांग.’

एका शब्दात सांगता येत नाही म्हणून आज इथं उभी आहे.

आधी त्या कृष्णाकाठच्या पंगतीबद्दल. तुम्हाला आठवत असेल, आपण सहावी-सातवीत असताना मलेरियाचा कर्मचारी घरोघरी यायचा. खाकी कपडे, खांद्याला पिशवी. दाराजवळच्या भिंतीवर तारीख लिहायचा. घरात कुणाला ताप असेल तर बोटाला टोचून काचेच्या पट्टीवर रक्त घ्यायचा आणि गोळ्या द्यायचा. त्या गोळ्या क्लोरोक्विनच्या होत्या, पण घरातली म्हातारी माणसं त्यांना कोयनेलच म्हणायची. त्या इतक्या कडू असायच्या की आई गुळाच्या खड्यात घालून द्यायची आणि आपण गूळ चघळून गोळी परड्यात थुंकून यायचो. मी तरी थुंकलेली आहे. आज सरांसमोर कबूल करते.

ते दिवस उगाच आठवत नाहीत. साठच्या दशकात देशात हिवताप जवळजवळ संपत आला होता, वर्षाला लाखभर रुग्णांपर्यंत खाली आला होता. नंतर तो पुन्हा उसळला आणि १९७६ साली देशात ६४ लाखांवर रुग्ण नोंदले गेले. आपण तेव्हा शाळेत होतो. आपल्यातल्या कित्येकांना तेव्हा थंडीताप येऊन गेलाय. दुपारी बारा वाजता अंगावर दोन गोधड्या घेऊन हुडहुडणं आणि संध्याकाळी घामानं चिंब होऊन उठून बसणं, हे कुणाला सांगायला नको.

पण त्यावरून ‘आपल्याला सवय आहे’ असं म्हणणं चूक आहे. एक तर तेव्हा आपल्याकडे बहुतेकांना व्हायव्हॅक्स जातीचा मलेरिया व्हायचा. तो माणसाला पिळून काढतो, पण सहसा जीव घेत नाही. आफ्रिकेत प्रामुख्यानं असतो तो फाल्सिपेरम. यात परजीवी शिरलेल्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या आतल्या बाजूला चिकटून बसतात. मेंदू, मूत्रपिंड, फुप्फुस, कुठंही. साध्या तापापासून बेशुद्धीपर्यंत जायला दोन-चार दिवस पुरतात. दुसरं म्हणजे, हिवतापाची प्रतिकारशक्ती आयुष्यभर टिकत नाही. सतत त्याच भागात राहून, पुन्हा पुन्हा आजारी पडून ती थोडीफार येते आणि तिथून बाहेर पडलं की ओसरते. पन्नास वर्षांपूर्वीच्या तापाची पुण्याई आता शिल्लक नाही.

जागतिक आरोग्य संघटनेचा अहवाल गेल्याच महिन्यात आला. २०२३ या वर्षात जगभरात मलेरियाचे सुमारे २६ कोटी ३० लाख रुग्ण आणि ५ लाख ९७ हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे. त्यातले जवळपास ९५ टक्के मृत्यू आफ्रिकेतले, आणि मरणाऱ्यांत बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. तिथल्या मोठ्या माणसांच्या अंगात जे थोडंफार बळ असतं, ते त्या मुलांच्या अंगात अजून आलेलं नसतं. आपण साठीचे असलो तरी त्या डासासमोर त्या लहान मुलांसारखेच आहोत.

आता मी जे सांगणार आहे, ते सांगायची मला परवानगी आहे. ज्याची गोष्ट आहे तो आत्ता याच हॉलमध्ये बसलाय. तो म्हणाला, ‘सांग. नाव घेऊ नकोस म्हणजे झालं. ज्यांना ओळखायचं ते ओळखतीलच.’

आपल्या भागातली कितीतरी माणसं साखर कारखान्यांतला अनुभव घेऊन आफ्रिकेतल्या कारखान्यांत नोकरीला गेली. आपला हा मित्रही त्यातलाच. १९९८ साली त्याला युगांडातल्या एका कारखान्यात केमिस्ट म्हणून बोलावणं आलं. पगार इथल्या चौपट. जायच्या आठ-दहा दिवस आधी तो सांगलीला माझ्या दवाखान्यात आला. कुणीतरी सांगितलं होतं, तिकडं मलेरिया असतो, डॉक्टरांकडून गोळ्या घेऊन जा.

तुम्हाला आपला वर्ग आठवतोय ना? मुलं खिडकीकडं, मुली भिंतीकडं. पाच वर्षांत मी या मित्राशी एकदाही बोलले नव्हते. एकदा प्रयोगाच्या वहीवरून बोलले असेन, तेही सर मध्ये होते म्हणून. तो समोर येऊन बसला तर दोघांनाही ‘अरे-तुरे’ करायचं की ‘अहो-जाहो’ हेच कळेना. बाहेर बाकड्यावर पंधरा पेशंट. मध्ये एक पडदा, आणि पडद्यापलीकडं त्याच्याच गल्लीतली एक मावशी बसलेली. मी त्याचं वजन केलं, रक्तदाब बघितला आणि मेफ्लोक्विन लिहून दिलं. आठवड्याला एक गोळी. सोपं काम. त्या वेळी आफ्रिकेत जाणाऱ्याला द्यायचं ते उत्तम औषध होतं, कारण क्लोरोक्विनला तिथला फाल्सिपेरम दाद देत नव्हता.

त्या औषधाच्या माहितीपत्रकात लिहिलेलं होतं की ज्याला पूर्वी मनाचा आजार होऊन गेलाय, किंवा फिट येतात, त्याला हे देऊ नये. मला ते माहीत होतं. मी विचारलं नाही. वर्गातल्या मुलाला, शेजारीण ऐकत असताना, ‘तुला कधी मनाचा आजार झाला होता का’ असं विचारायला मला संकोच वाटला. आणि मनात म्हटलं, याला कसला आजार, वर्गात सगळ्यांना हसवणारा हा.

वडील गेल्यानंतर, १९९१ साली, तो आठ महिने नैराश्यावर उपचार घेत होता. बायको सोडली तर कुणालाही माहीत नव्हतं. मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

तिकडं गेल्यावर चौथ्या गोळीपासून त्याची झोप उडाली. डोळा लागला की भयंकर स्वप्नं. दिवसा छातीत धडधड, कुणीतरी मागून येतंय असं वाटायचं. त्याला वाटलं, घरची आठवण येतेय, नवी नोकरी जमत नाहीये, जुना आजार परत आलाय. हे गोळीमुळं होत असेल हे त्याच्या मनातही आलं नाही. मग तिथल्या एका जुन्या सहकाऱ्यानं सांगितलं, ‘अरे, या गोळ्यांनी असं होतं. मी दहा वर्षं इथं आहे, एकही घेतली नाही.’ त्यानं गोळ्या थांबवल्या. औषध अंगातून सावकाश उतरतं, कित्येक आठवडे राहतं, पण हळूहळू झोप लागायला लागली. त्याच्या दृष्टीनं प्रश्न मिटला.

दुसरी गोळी सुरू करायला हवी होती, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मीच नाही सांगितलं.

दिवाळीला तो सुट्टीवर घरी आला. आल्यानंतर नवव्या दिवशी ताप. गावातल्या डॉक्टरांनी थंडीताप, व्हायरल म्हणून दोन दिवस इंजेक्शनं दिली. कुठून आलात, असं कुणी विचारलं नाही, आणि यानंही आपण होऊन सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी डोळे पिवळे, लघवी काळपट आणि बोलण्यात असंबद्धपणा. त्याच्या बायकोनं मला फोन केला. रात्री साडेअकराला रक्ताची काच मी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली बघितली. जिथं बघावं तिथं फाल्सिपेरमच्या अंगठ्या. शाळेत सरांनी फळ्यावर काढून दाखवलेल्या आकृतीसारख्या.

शिरेतून क्विनाइन सुरू केलं. त्यानं साखर खाली जाते म्हणून दर दोन तासांनी साखर तपासत होतो. मूत्रपिंडं बंद पडली. मिरजेला हलवून चार वेळा डायलिसिस करावं लागलं. सहाव्या दिवशी तो नीट शुद्धीवर आला. क्विनाइननं त्याच्या कानात अखंड घंटा वाजत होत्या. मला म्हणाला, ‘शाळेची घंटा वाजतेय, पोरं सोडा.’ मग थोड्या वेळानं म्हणाला, ‘गोळ्या मी सोडल्या होत्या. तुला सांगायची लाज वाटली.’ आणि मला माझी लाज वाटली.

तो बरा झाला. मूत्रपिंडं सावरली. पुढं त्यानं आणखी सहा वर्षं तिथंच नोकरी काढली, वेगळी गोळी घेऊन. पण त्याच कारखान्यात, एकही गोळी न घेतलेला तो दहा वर्षांचा जुना सहकारी पुढच्याच वर्षी मेंदूच्या मलेरियानं गेला. इकडं त्याचं शवही आणता आलं नाही.

ही गोष्ट मी का सांगितली? कारण आपल्या ग्रुपवर जो वाद चाललाय त्यात दोन्ही बाजूंचं थोडं थोडं खरं आहे. ‘गोळीनं त्रास होतो’ हे खोटं नाही. माझ्या मित्राला झाला. पण मलेरियानं मरता मरता तो वाचला, हेही खोटं नाही.

आपण उसाच्या पट्ट्यातली माणसं. काटामारी म्हणजे काय ते आपल्याला शिकवायला नको. गोळीच्या बाबतीत मन नेमकी हीच काटामारी करतं. गोळी आपण स्वतःच्या हातानं गिळलेली असते. त्यानंतर पोट दुखलं, डोकं दुखलं, झोप मोडली, काहीही झालं तरी बोट गोळीकडं जातं. उलट मलेरिया झाला नाही, तर ते गोळीमुळं की नशिबानं, हे कधीच कळत नाही. त्रासाचा हिशेब रोजच्या रोज मांडला जातो आणि फायद्याचा हिशेब कधीच मांडला जात नाही. म्हणून निघण्याआधी, डोकं शांत असताना, दोन्ही पारडी भरून बघायची.

कधी कधी काटा ‘गोळी नको’ असंही सांगतो. मॉरिशसला जाणार? नको. दुबई? नको. दक्षिण आफ्रिकेत फक्त केप टाऊन? नको. नैरोबी शहरातच दोन दिवस बैठक असेल तर धोका कमी आहे. तिथं गोळी न घेता डासांपासून जपलं तरी चालेल, असं काही डॉक्टर सांगतात. जिथं धोकाच नाही तिथं दुष्परिणाम अंगावर घ्यायचं कारण नाही. पण मसाई मारा त्यात बसत नाही. ते पठार दीड हजार मीटरच्या वर आहे, हवा छान गार असते, म्हणून फसायला होतं. तिथं मलेरिया आहे. आणि आपण मुक्काम करणार तंबूत, नदीकाठी.

मग गोळी कुठली? मुख्यतः तीन आहेत. तिघींची कुंडली सांगते.

पहिली मेफ्लोक्विन. आठवड्यातून एक, निघायच्या दोन-तीन आठवडे आधी सुरू, परतल्यावर चार आठवडे चालू. गुण असा की सोपी आहे, लांबच्या मुक्कामाला बरी. दोष म्हणजे झोपमोड, भयाण स्वप्नं, घाबरेपणा, चक्कर, आणि क्वचित याहून गंभीर मानसिक त्रास. २०१३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनानं या गोळीवर काळ्या चौकटीतला, म्हणजे सर्वांत कडक, इशारा छापायला लावला. चक्कर, तोल जाणं, कानात आवाज येणं हे त्रास गोळी थांबवल्यावरही दीर्घकाळ, क्वचित कायमचे राहू शकतात, असं त्यात म्हटलंय. ग्रुपवर जे फिरतंय ते या एका गोळीबद्दल आहे, सगळ्या गोळ्यांबद्दल नाही. पूर्वी नैराश्य, तीव्र चिंता, मनाचा कुठलाही आजार किंवा फिट असलेल्यांनी ही घ्यायची नाही. हृदयाचे ठोके अनियमित असतील त्यांनीही नाही. ज्यांना द्यायची त्यांनाही लवकर सुरू करायची, कारण बहुतेकांना त्रास होणार असेल तर पहिल्या दोन-तीन गोळ्यांतच कळतो. घरी असताना कळला तर बदलता येतो. आपल्या आठवडाभराच्या सहलीसाठी मी ही गोळी कुणालाच देणार नाही.

दुसरी डॉक्सिसायक्लिन. रोज एक, १०० मिलिग्रॅम. निघायच्या एक-दोन दिवस आधी सुरू, परतल्यावर चार आठवडे. स्वस्त आणि सहज मिळणारी. हिचे दोष आधी माहीत असले तर बरेचसे टाळता येतात. एक, उन्हानं कातडी भाजते. केनिया विषुववृत्तावर आणि तुम्ही जीपचं छत उघडून दिवसभर उभे राहणार, तेव्हा टोपी, पूर्ण बाह्या आणि सनस्क्रीन हवंच. दोन, गोळी अन्ननलिकेत अडकली तर आतून भाजते, गिळताना आग होते. जेवणानंतर पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची आणि अर्धा-पाऊण तास आडवं व्हायचं नाही. झोपताना घोटभर पाण्यावर ढकलायची नाही. तीन, कॅल्शियम, लोह, अँटासिड यांच्याबरोबर घेतली तर अंगात नीट शोषली जात नाही. आपल्या वयाच्या मैत्रिणींनो, तुमची कॅल्शियमची गोळी दुसऱ्या वेळेला घ्या. बायकांना योनीमार्गात बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. सरांसमोर बोलायला नको वाटतंय, पण संकोच केल्यानं काय होतं ते आत्ताच सांगितलं.

तिसरी अ‍ॅटोव्हाक्वोन आणि प्रोग्वानिल ही जोडगोळी. रोज एक, एक-दोन दिवस आधी सुरू, आणि परतल्यावर फक्त सात दिवस. का, ते समजून घ्या. डास चावल्यावर परजीवी आधी यकृतात जातो, आठवडाभर तरी तिथं वाढतो आणि मग रक्तात उतरतो. ही जोडगोळी त्याला यकृतातच गाठते. बाकीच्या दोघी रक्तात उतरल्यावर मारतात, म्हणून त्यांना चार आठवडे पहारा द्यावा लागतो. ही जेवणाबरोबर किंवा दुधाबरोबर घ्यायची. मळमळ, पोटदुखी, डोकेदुखी, कधी तोंड येणं, असे त्रास होतात, पण बहुतेकांना ही सोसते. दोष म्हणजे महाग आहे, आणि मूत्रपिंडं फार कमजोर असतील तर चालत नाही.

आपल्या सात दिवसांच्या सहलीचा हिशेब करा. जोडगोळीच्या : आधीचा एक, तिथले सात, नंतरचे सात, म्हणजे पंधरा गोळ्या. डॉक्सिसायक्लिनच्या : एक, सात आणि अठ्ठावीस, म्हणजे छत्तीस. आता स्वतःलाच विचारा, घरी परत आल्यावर, फोटो बघून झाल्यावर, महिनाभर रोज गोळी आठवेल का? ज्यांना आठवणार नाही त्यांनी खिशाला थोडी झळ सोसावी. ज्यांना पथ्य पाळायची सवय आहे त्यांना स्वस्तातली गोळी पुरे. हाही वजन करण्यातला भाग आहे. परतल्यावर मध्येच सोडलेली गोळी म्हणजे भिजत घोंगडं.

ज्यांच्या मुली-सुना गरोदर आहेत आणि सोबत यायचं म्हणताहेत, त्यांना या वर्षी घरीच राहू द्या. गरोदरपणात मलेरिया फार वाईट, आणि डॉक्सिसायक्लिन व जोडगोळी दोन्ही त्यांना देत नाहीत.

साठीच्या माणसांसाठी आणखी एक. आपल्यापैकी निम्म्यांच्या खिशात आधीच गोळ्यांची डबी आहे. रक्त पातळ करणारी वॉरफरिन चालू असेल तर डॉक्सिसायक्लिननं किंवा प्रोग्वानिलनं तिचा परिणाम वाढू शकतो, त्यामुळं रक्ताची चाचणी करून बघावी लागते. आणि यलो फिव्हरची लस ही पिवळ्या तापाची, वेगळ्या विषाणूची. मलेरियाशी तिचा संबंध नाही. परत येताना विमानतळावर तिचा दाखला लागतो, आणि ती किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते. पण ती जिवंत विषाणूची लस आहे, साठीनंतर पहिल्यांदा घेताना गंभीर त्रासाची शक्यता थोडी वाढते. तेव्हा तीही डॉक्टरांशी बोलूनच. पूर्वी कधी घेतली असेल तर जुना दाखला शोधा. २०१६ पासून तो आयुष्यभर चालतो.

‘तिथं झालाच तर बघू’ म्हणणाऱ्यांसाठी : तो तिथं होणारच नाही. चावल्यापासून ताप यायला निदान सात दिवस लागतात. तुम्ही तोवर इथं परत आलेला असाल, गणपतीच्या गडबडीत असाल, आणि सगळे म्हणतील हवा बदलली म्हणून ताप आला. होमिओपॅथीच्या गोळ्यांनी मलेरिया टळतो याला पुरावा नाही. आणि मागच्या बाकावरून जो हळूच ‘जिन आणि टॉनिक’ म्हणाला, त्याला सांगते, टॉनिक वॉटरमध्ये क्विनाइन असतं हे खरं, पण ते इतकं थोडं असतं की त्यानं डासाच्या आधी तूच आडवा होशील.

गोळी घेतली तरी ती पूर्ण चिलखत नाही. मलेरियाचा डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो. अंधार पडायच्या आत पूर्ण बाह्यांचे कपडे, उघड्या अंगावर डीईईटी असलेलं डास पळवणारं मलम, आणि रात्री मच्छरदाणी. परतल्यावर तीन महिन्यांत, अगदी वर्षभरात, कधीही ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासायचं. एकदा मलेरिया दिसला नाही तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा, आणि तिसऱ्यांदाही. डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नका. दवाखान्यात शिरताच पहिलं वाक्य, ‘मी आफ्रिकेत जाऊन आलोय.’ हे एक वाक्य १९९८ साली उच्चारलं गेलं असतं, तर चार डायलिसिस वाचले असते.

आणि तिथं असताना गोळीनं त्रास झालाच तर? तर मला फोन करा. रात्री दोन वाजता करा. गोळी बदलू, वेळ बदलू, जेवणाबरोबर घेऊन बघू. पण मनानं सोडू नका. माझ्या मित्राची गोळी थांबवणं चूक नव्हतं, ती थांबवायलाच हवी होती. चूक होती ती तिच्या जागी काहीच न घेण्याची. आणि त्याच्याही आधीची चूक माझी होती, न विचारण्याची.

त्या दिवसापासून माझ्या दवाखान्यातला तो पडदा गेला आणि दाराची खोली आली. प्रवासाला जाणाऱ्या प्रत्येकाला मी एकटं आत बसवून विचारते : पूर्वी मनाचा काही आजार, फिट, हृदयाचा, मूत्रपिंडाचा त्रास? सध्या कुठली औषधं? कुठल्या गोळीची कधी अ‍ॅलर्जी? कुठं, किती दिवस, कुठल्या महिन्यात? त्यात लाजण्यासारखं काही नाही. मनाच्या आजाराचं औषध घेतलं म्हणून सांगणं आणि रक्तदाबाचं घेतलं म्हणून सांगणं, दोन्ही सारखंच.

आता कामाचं. मसाई माराला येणाऱ्या चोवीस जणांनी आणि त्यांच्या जोडीदारांनी जेवण झाल्यावर आपल्या जुन्या दहावी ब च्या वर्गात यायचं. एकेकानं, जोडीनं नाही. चालू औषधांची चिठ्ठी किंवा डबी घेऊन. तिथं जे सांगाल ते त्या चार भिंतींत राहील. गोळ्या मी आज लिहून देणार नाही. तुमचं ऐकून, लागतील त्या तपासण्या करून, जूनमध्ये देईन. गोळी तुमच्या गावातल्या डॉक्टरांकडून घ्यायची असेल तरी हरकत नाही, पण माहिती मात्र हीच द्या.

आपला तो मित्रही ऑगस्टमध्ये बायकोला घेऊन येतोय. त्याच्या मूत्रपिंडाची तपासणी गेल्या आठवड्यातच केली, चांगली आली. जोडगोळी ठरलीय, पंधरा आणि पंधरा, दोघांच्या मिळून तीस. या वेळी त्याला समोर बसवून मी अर्धा तास प्रश्न विचारले. शेवटी तो वैतागून म्हणाला, ‘बाई, शाळेत पाच वर्षांत बोलली नाहीस, त्याची भरपाई करतेस काय?’

हो, करतेय. तुम्हा सगळ्यांचीच करायची आहे. दहावी ब, जेवणानंतर लगेच.